नवाचा हिशेब : एका ब्रिटिश मोटारीच्या जतनाचा इतिहास



या व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे मास्तर या शाळेत कर्मशाळेचा तास घेत असत. माझ्या हातात कानस सरळ चालायची नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले. "तू आपला पुस्तकाकडे जा," असे हसत सांगून त्यांनी मला मोकळे केले आणि माझ्या थोरल्या बंधूंना, म्हणजे आमच्या अण्णांना, लेथपाशी ठेवून घेतले. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेवर प्रबंध लिहिला. अण्णांनी खानापूर रस्त्यावर मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले.

मराठीच्या प्राध्यापकाने साहित्यावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. तथापि आज मी एका ब्रिटिश मोटारीवर बोलणार आहे, आणि तीही ती कोणी घडवली यापेक्षा ती कोणी व कशी चालू ठेवली यावर. यंत्राचा इतिहास लिहिताना आपण त्याच्या शोधकाचे नाव लिहितो, कारखानदाराचे नाव लिहितो आणि तेथेच लेखणी ठेवतो. पुढची पन्नास-साठ वर्षे ज्यांनी ते यंत्र राखले त्यांची विद्या इतिहासात येतच नाही. ही उणीव किती मोठी आहे हे मला फार उशिरा, वयाची सत्तरी ओलांडल्यावर आणि परमुलखात समजले. त्याचीच ही हकिकत आहे.

१

आरंभ सायकलीपासून करावा लागेल. १८९३ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने चार पौंडांच्या भांडवलावर, आईवडिलांच्या घरातच, सायकलदुरुस्तीचा धंदा मांडला. बेळगावकरांना ही कथा परकी वाटू नये. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८८ मध्ये, आपल्या याच गावात किर्लोस्करांचे सायकलीचे दुकान निघाले होते. येथून ते लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात जाऊन त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. मॉरिस सायकलीकडून मोटारसायकलीकडे आणि तेथून मोटारीकडे वळला. १९१३ मध्ये 'मॉरिस ऑक्सफर्ड' ही त्याची पहिली गाडी बाहेर पडली.

मॉरिसच्या मालकीचे ऑक्सफर्डमध्ये एक विक्री-दुरुस्तीचे गॅरेज होते, 'मॉरिस गॅरेजेस'. सेसिल किंबर हा गृहस्थ १९२२ मध्ये त्याचा व्यवस्थापक झाला. साध्या मॉरिस गाडीचा सांगाडा घ्यावा, त्यावर देखणी व हलकी बॉडी चढवावी, इंजिनात थोडे फेरफार करावेत आणि चपळ गाडी तरुणांच्या खिशाला परवडेल अशा किमतीत द्यावी, ही त्याची कल्पना. मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरे म्हणजे एम.जी. अष्टकोनी चौकटीतील ही दोन अक्षरे पुढे जगभर गेली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही गाडी मुळात दुरुस्तीच्या गॅरेजात, तयार वस्तूत सुधारणा करण्याच्या खटाटोपातून जन्मली. ट्यूनिंग तिच्या जन्मातच होते.

१९२९ मध्ये एम.जी.चे काम ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन या छोट्या गावात, एका चामड्याच्या कारखान्याच्या रिकाम्या भागात गेले आणि पुढची एकावन्न वर्षे तेथेच चालले. या गाड्यांतील सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वाधिक खपलेली एम.जी.बी. ही १९६२ मध्ये आली. १९८० पर्यंत तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

या गाडीचे इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-सिरीज' घराण्यातील. याच घराण्याचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन १९५५ च्या एम.जी.ए. या गाडीत होते. आणि तेच, पण मवाळ स्वभावाचे, आपल्या ॲम्बॅसडरमध्ये १९५९ पासून बसू लागले. ॲम्बॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचाच भारतीय अवतार. कलेक्टरांची गाडी, लग्नाची गाडी आणि टॅक्सी म्हणून आपण जी पाहिली तिचे हृदय आणि विलायती तरुणांच्या चपळ गाडीचे हृदय एकाच कुळातले होते. हे मला ठाऊक नव्हते. अण्णांना ठाऊक होते की नाही, हे आता कोणाला विचारणार?

२

२०२२ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे ॲबिंग्डनला चार महिने राहिलो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्याकडे १९६६ सालची एम.जी.बी. होती. दर शनिवारी सकाळी ते गाडीचे बॉनेट उघडून बसत. भाषेचा शिक्षक म्हणून माझे कुतूहल प्रथम त्यांच्या शब्दांकडे गेले. 'ट्यूनिंग' हा शब्द ते दोन अर्थांनी वापरीत. गाडी मुळात जशी चालावी तशी तिला पुन्हा आणणे हा एक अर्थ. तिच्याकडून मुळापेक्षा अधिक शक्ती काढणे हा दुसरा. पहिला अर्थ वाद्य सुरात लावणाऱ्याचा आहे, दुसरा वाद्यच बदलू पाहणाऱ्याचा. साठीच्या दशकात ॲबिंग्डनच्या कारखान्यातच दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी एक स्वतंत्र विभाग होता. परंतु माझ्या शेजाऱ्यांचे सारे प्रेम पहिल्या अर्थावर होते.

त्यांची कामाची पद्धत सांगतो, कारण तिच्यात एक क्रम आहे आणि तो क्रम मोडला की सारे काम वाया जाते. आरंभ व्हॉल्व्हच्या मोकळिकीपासून. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात १५ थाऊ, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी पंधरा भाग, इतकी फट हवी. नंतर स्पार्क प्लगांची फट २५ थाऊ. त्यानंतर डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट आणि ठिणगीची वेळ. सिलिंडर १, ३, ४, २ या क्रमाने पेटतात. हे सगळे ठाकठीक झाल्यावर आणि इंजिन चांगले तापल्यावरच कार्बोरेटरला हात लावायचा. नवशिके नेमके उलटे करतात. दोष ठिणगीत असतो आणि ते कार्बोरेटर पिळत बसतात.

एम.जी.बी.ला दोन कार्बोरेटर असतात, एस.यू. या नावाचे. हे नाव स्किनर कुटुंबाचे. जोड्यांच्या व्यापारातले हे लोक. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्यातील एकाने हा कार्बोरेटर शोधला आणि त्याच्या आरंभीच्या रूपात चक्क चामड्याचा भाता होता. १९२६ मध्ये मॉरिसने ती कंपनी विकत घेतली. या यंत्राची रचना मला फार बुद्धिमान वाटली. इंजिन जितकी हवा ओढील तितका आतला पिस्टन आपसूक वर उचलला जातो. त्याला खालून एक निमुळती सुई जोडलेली असते. सुई वर जाईल तसतसे पेट्रोलचे छिद्र अधिक मोकळे होते. त्यामुळे हवा वाढली की पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढते. इंजिन जेवढे मागेल तेवढेच त्याच्या पानात वाढले जाते.

पण कार्बोरेटर दोन असल्यामुळे दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. हे जुळवायचे कसे? शेजाऱ्यांनी एक रबरी नळी घेतली, तिचे एक टोक कानाशी धरले आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी नेले. दोन्हीकडून येणारा फुसफुस आवाज एकाच पट्टीचा होईपर्यंत ते स्क्रू फिरवीत राहिले. आपल्या शेजारच्या मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढणारे कारागीर मी पाहिले आहेत. तीच मान कलती, तीच अर्धमिटली नजर. त्यानंतर मिश्रणाची परीक्षा. पिस्टन एका पिनने अगदी किंचित उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त होते आहे. इंजिन लगेच गळाठले तर कमी पडते आहे. क्षणभर वाढून पुन्हा पूर्ववत झाले तर प्रमाण बरोबर. खालचे सहाकोनी नट एकेका बाजूने फिरवून हे साधायचे. वर केला की मिश्रण पातळ, खाली केला की दाट.

एके शनिवारी व्हॉल्व्हचे काम चालू असता ते इंजिन हाताने थोडे थोडे फिरवीत होते आणि पुटपुटत होते. मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, व्हॉल्व्ह आठ आहेत. आठवा पूर्ण उघडला की पहिल्याची फट मोजायची. सहावा उघडला की तिसऱ्याची. चौथा उघडला की पाचव्याची. "दोन आकड्यांची बेरीज नेहमी नऊ आली पाहिजे."

सभ्य स्त्रीपुरुषहो, त्या क्षणी मी ॲबिंग्डनला नव्हतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या खानापूर रस्त्यावर, अण्णांच्या गॅरेजात होतो. अण्णा ॲम्बॅसडरचे इंजिन हँडल घालून हळूहळू फिरवायला लावीत आणि पोरांवर ओरडत, "नऊ झाले का रे? नऊ झाल्याबिगर हात लावू नको!" मला वाटे, ही काहीतरी गॅरेजातली खूण असेल, वा शकुनापोटी धरलेला आकडा. मी कधी विचारले नाही. शनिवारी कॉलेजातून येताना मी तेथे थांबे, चहा घेई आणि पोथ्यांच्या फोटोप्रती काखोटीला मारून घरी जाई.

३

आता इतिहासाकडे वळू. सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डन गावाने आपल्या कारखान्याची पन्नाशी थाटाने साजरी केली. उत्सव संपतो न संपतो तोच, १० सप्टेंबरला, ब्रिटिश लेलँड या मालक कंपनीने एम.जी.बी.चे उत्पादन आणि पाठोपाठ तो कारखाना बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. कंपनी तोट्यात होती; गाडीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका, आणि पौंड महाग झाल्याने तेथील विक्री परवडेनाशी झाली होती. निदर्शने झाली, अर्जविनंत्या झाल्या. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली.

सामान्यतः येथे कथा संपावयास हवी. कारखाना गेला की सुटे भाग जातात आणि वस्तू भंगारात निघते. एम.जी.बी.ला तर दुसराही शत्रू होता. आधीच्या गाड्यांना वेगळी मजबूत चॅसी असे. हिची बॉडी हाच तिचा सांगाडा. दारांखालच्या पोकळ पट्ट्या गाडीचा भार वाहतात आणि इंग्लंडच्या ओल्या, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर त्या आतून गंजतात. वरून रंग तकतकीत आणि आत पोकळ, अशी अवस्था होते.

तरीही गाडी जगली. याची कारणे तीन दिसतात. पहिले, कारखान्याने आपली विद्या लिहून ठेवली होती. दुरुस्तीची सविस्तर पुस्तके, प्रत्येक भागाला क्रमांक दिलेल्या याद्या छापलेल्या होत्या. दुसरे, वापरणाऱ्यांचे संघटन होते. एम.जी. कार क्लब १९३० चा. १९७३ मध्ये मालकांचा आणखी एक क्लब निघाला. त्यांच्या नियतकालिकांतून साधे मेकॅनिक आणि हौशी मालक आपापले अनुभव लिहीत राहिले. तिसरे, वस्तू घडवण्याचे साचे मोडीत गेले नाहीत. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे जमवून १९८८ मध्ये एम.जी.बी.चा संपूर्ण नवा सांगाडा पुन्हा बनवण्यास आरंभ केला. बंद पडलेल्या कारखान्याची गाडी आठ वर्षांनी नव्या देहात उभी राहू लागली.

उलट बाजूचीही नोंद करू. नाव मात्र दुसरीकडे गेले. अनेक हातांतून जात ती दोन अक्षरे चीनमधील कंपनीकडे पोहोचली आणि २०१९ पासून आपल्या वडोदऱ्याजवळच्या हालोल येथे त्या नावाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्या गाड्यांविषयी मला काही वावगे म्हणावयाचे नाही. परंतु नाव विकत घेता येते. जुन्या इंजिनाचा कान विकत घेता येत नाही, तो एकाने दुसऱ्याला द्यावा लागतो.

४

जतनाच्या कामात एक प्रश्न अटळपणे येतो आणि तो पाठचिकित्सकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. मूळ म्हणजे काय, आणि बदल कोठवर करावा?

जुन्या एम.जी. गाड्यांच्या इंजिनात एक विचित्र गोष्ट आढळते. नटबोल्टांचे आटे मेट्रिक, पण त्यांची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. अजाण माणूस याला कोणा दुरुस्तीवाल्याचा गोंधळ समजून 'सुधारायला' जाईल. वस्तुतः तेच मूळ आहे. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी, तर गिऱ्हाइकांच्या पेटीतले पाने ब्रिटिश मापाचे. त्या तडजोडीची ही खूण. पोथीत अवघड पाठ दिसला की तो लेखनिकाची चूक समजून बदलण्याची घाई करू नये, हे मी विद्यार्थ्यांना जन्मभर शिकवले. लोखंडातही तोच नियम लागू पडतो.

दुसऱ्या बाजूने, काहीच बदलायचे नाही असा हट्ट धरला तर गाडी संग्रहालयात जाते. जुन्या बिडाच्या हेडमधील व्हॉल्व्हच्या बैठकींना पेट्रोलमधील शिशाचे संरक्षण मिळे. १ जानेवारी २००० पासून ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली, आणि ती योग्यच झाली, कारण शिसे मुलांच्या मेंदूला घातक. मग जुन्या हेडमध्ये कठीण पोलादाच्या नव्या बैठकी बसवाव्या लागल्या. सप्टेंबर २०२१ पासून तेथे दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले. ते जुन्या रबरी नळ्या खाते, म्हणून नळ्या बदलाव्या लागल्या. आपल्याकडे आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तेव्हा हा प्रश्न आपल्याही जुन्या गाड्यांचा आहे. ब्रिटिश कायद्यानेही मध्यममार्ग काढला आहे. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे. अट अशी की गेल्या तीस वर्षांत तिच्या मूळ रचनेत मोठा बदल झालेला नसावा.

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अपपाठ काढले आणि यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. ग्रंथ वाचनात राहावा म्हणूनच त्यांनी तो हाताळला, आणि हाताळताना आपली प्रतिभा बाजूला ठेवली. चांगल्या मेकॅनिकची मर्यादाही हीच. गाडी चालण्यासाठी जेवढे बदलणे भाग आहे तेवढे बदलावे, काढलेला मूळ भाग जपून ठेवावा आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. माझ्या शेजाऱ्यांच्या वहीत १९८३ पासूनची प्रत्येक नोंद तारखेनिशी होती. ती वही मी एका बैठकीत वाचून काढली. एखादी उत्तम संपादित प्रत वाचल्याचे समाधान मिळाले, आणि त्याच वेळी मनाला बोचणी लागली.

५

ती बोचणी आपल्यापुढे मांडण्यासाठीच मी हा विषय निवडला. अण्णा २००९ मध्ये गेले. चाळीस वर्षांत त्यांनी किती ॲम्बॅसडर, किती जीपगाड्या सुरात लावल्या याची गणती नाही. ॲम्बॅसडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. अण्णांनी एक ओळ लिहिली नाही, कारण लिहिणे हे माझे काम, असे आमच्या घरात ठरून गेले होते. आणि मी? तीनशे वर्षांपूर्वीच्या अज्ञात लेखनिकाने एक काना का गाळला, यावर मी पाने भरली. सख्ख्या भावाला, नऊ म्हणजे काय, एवढे विचारले नाही. मी ते ज्ञान समजलोच नाही. प्राध्यापकाचा हा अपराध आहे आणि तो मी येथे, मास्तरांच्या नावाने भरलेल्या सभेत, कबूल करतो. एकाच घरातील एका मुलाला पुस्तकाकडे आणि दुसऱ्याला लेथकडे पाठवताना मास्तरांनी दोघांत उणेअधिक केले नव्हते. उणेअधिक नंतर मी केले.

आपले बेळगाव ओतशाळांचे आणि यंत्रशाळांचे गाव. येथे असे कितीतरी अण्णा आज सत्तरी-ऐंशीत आहेत. साच्याच्या मातीत पाणी किती, हे ते मूठ दाबून सांगतात. बेअरिंग कधी जाईल हे आवाजावरून सांगतात. त्यांची भाषा मराठी, कानडी, हिंदी, इंग्रजी अशी चारही घाटांचे पाणी प्यालेली आहे. ती कोणत्याही शब्दकोशात नाही. इंग्लंडमधील ती गाडी कारखाना बंद पडूनही जगली, कारण तिच्याविषयीचे ज्ञान कागदावर होते आणि एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. आपल्याकडे हात आहेत, कागद नाही.

म्हणून एक छोटी विनंती करतो. आजच्या व्याख्यानाचे मानधन मी शाळेकडेच ठेवीत आहे. त्यातून काही जाड वह्या घ्याव्यात. नववी-दहावीच्या मुलामुलींनी दोघादोघांच्या जोडीने गावातील एकेका जुन्या कारागिराकडे जावे, त्यांचे शब्द, त्यांची मापे, त्यांचे हिशेब त्यांच्याच तोंडच्या भाषेत लिहून आणावेत. शुद्धलेखनाच्या चुका आम्ही म्हातारे मराठीचे शिक्षक मागाहून पाहू. आणि कर्मशाळेच्या खोलीला गेली बरीच वर्षे कुलूप आहे, ते निदान एकदा उघडावे. मास्तरांचा लेथ अजून आत आहे, असे मला शिपाईमामांनी मघाशी सांगितले. गंजला असेल, पण गंजलेली वस्तू पुन्हा चालू होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मास्तरांच्या व अण्णांच्या स्मृतीला वंदन करून येथेच थांबतो.